थांबाची खूण

नखत्राणाजवळ, कच्छ
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

ताई, नमस्कार.

शाळेत पत्राचा मायना पाठ करून घेतला होता. त्यातलं 'तीर्थरूप' तेवढं आठवतंय, पण ते आईला लावायचं की बापाला की तुला, ते आठवत नाही. सातवीतून सुटलेल्या माणसाकडून एवढंच मिळेल. गोड मानून घे.

तू माझा नंबर बंद केलास त्याला येत्या माघात दोन वर्षं होतील. मी चार सिम बदलून बघितली. चारही वेळा मी 'हॅलो' म्हटलं की तू ओळखायचीस. म्हणून आता पत्र. पत्राला आवाज नसतो. तू फाडलंस तरी मला इथे ऐकू येणार नाही.

मी कुठे आहे ते आईला विचारू नकोस. ती म्हणेल, "त्याचं काय बाई, आज इथं हाय तर उद्या तिथं." खोटं नाही ते. पिंपळगावला पॅकहाउसात द्राक्षाच्या पेट्या भरल्या दीड महिना, मग कांद्याच्या टेम्पोवर, मग सुरत, मग वापी. एका जागी बसलं की माझ्या पायाला मुंग्या येतात. पण इथे अकरा महिने टिकलोय. आम्ही पवनचक्क्या उभ्या करतो. मी क्रेनखाली असतो, दोर बांधायला आणि सोडायला. इथला वारा असा की शेजारच्याला शिवी दिली तर ती त्याला न लागता रणात जाऊन पडते. वॉकीटॉकी असते, पण त्यातून निम्मा वाराच ऐकू येतो. म्हणून सगळं काम हातांच्या खुणांनी चालतं. बोट वर करून फिरवलं की वर घे. बोट खाली करून फिरवलं की खाली सोड. खूण करणाऱ्या हाताखाली दुसरा हात आडवा धरला की हळू. आणि मूठ वर केली की थांब.

यात एक नियम आहे तो ऐक. खुणा देणारा माणूस एकच असतो. दुसऱ्या कुणी हात हलवले तर क्रेनवाला ढुंकून बघत नाही, मग तो साहेब का असेना. पण थांबाची खूण कुणीही द्यावी. चहावाल्याने दिली तरी क्रेन थांबते. का म्हणून विचारायचं ते नंतर. आधी थांबायचं. मी दुसऱ्याच दिवशी मूठ वर करून जोरात आळस दिला आणि पवनचक्कीच्या डोक्यावर बसवायचा सत्तर टनांचा डबा आभाळात लटकून राहिला! आमचे मुकादम वाळूदादा मालेगावकडचे आहेत. त्यांनी मला अहिराणीत जे काय ऐकवलं ते लिहिता येणार नाही. पण साहेबाला म्हणाले, "क्रेन थांबनी ते बराबर शे."

वेदूला चित्रं आवडतात म्हणून सोबतच्या कागदावर सगळ्या खुणा काढल्यात. हात जरा वांग्यासारखे आलेत. बोलायला तिला जड जातं, म्हणून म्हटलं, बघ दाखवून.

वेदूच्या जावळाच्या दिवसाचं मी काही लिहीत नाही. तुला सांगितलं होतं तेच आहे. आपल्यात जावळ मामाच्या मांडीवरच काढतात, त्याला मी काय करणार? तिला साधी फणी सोसत नाही हे मला माहीत होतं, पण ती गप्प बसली होती. मला कळलं नाही.

दाजींना नमस्कार.

जीवन


नखत्राणाजवळ
रविवार, १९ जानेवारी २०२५

ताई,

दाजींचं पत्र मिळालं. दाजी म्हणजे देवमाणूस. सगळ्या मिळून सात ओळी, त्यातल्या दोन नाशिकच्या थंडीच्या. पण उरलेल्या पाच मी मेसमध्ये उभं राहून वाचून दाखवल्या.

म्हणजे माझा कागद वेदूने कणकेची खळ लावून फ्रिजवर चिकटवला! आणि कुकरची पहिली शिट्टी झाली तेव्हा दर वेळेसारखी पलंगाखाली जाऊन डोकं आपटायच्या ऐवजी कुकरसमोर येऊन मूठ वर केली. आणि तू गॅस बंद केलास. भात कच्चा राहिला आणि दाजींनी तो मुकाट खाल्ला, हे त्यांनी लिहिलेलं नाही, पण मी दाजींना ओळखतो. वाळूदादा म्हणाले, "पोर मुकादम होई." आमच्यात याहून मोठा आशीर्वाद नाही.

पत्राखाली तुझ्या अक्षरातल्या अटी वाचल्या. दोन वर्षांनी तुझं अक्षर बघितलं, तेही अटींमध्ये. चालेल. अकरा फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी आठ, पांडवलेण्याच्या पायथ्याचं वनउद्यान, कारण तेव्हा तिथे कुणी नसतं. कबूल. आई म्हणते वणीच्या गडावर न्या पोरीला, पण तू म्हणतेस तेच. अत्तर लावणार नाही. नवा कडक शर्ट घालणार नाही. पिशवी प्लॅस्टिकची नाही, कापडाची, कारण प्लॅस्टिक चुरचुरतं. तिला हात लावणार नाही आणि तिने लावला तर हलणार नाही. तिच्या त्या शिकवणाऱ्या मॅडम म्हणतात ना, की आपल्याला जे हळू वाटतं ते तिला दसपट लागतं, ते मी लक्षात ठेवीन. कमी बोलायची अट अवघड आहे. रोज जेवताना सराव करतोय. दोन दिवस बघून वाळूदादा म्हणाले, "तू असा गप बसशी तं माले ताप ई जाई."

शेवटच्या अटीखाली तू दोन रेघा मारल्यास. उचलायचं नाही, कधीच नाही. एक रेघ पुरली असती, ताई.

तिकीट काढलंय.

जीवन


नखत्राणाजवळ
शुक्रवार, १४ फेब्रुवारी २०२५

ताई,

हे गाडीतच लिहायला घेतलं होतं, पण अक्षर इतकं हललं की मलाच वाचता येईना. इथे येऊन पुन्हा उतरवतोय. तू सबंध वेळ आमच्या वीस पावलं मागे होतीस. तुला मागून काय दिसलं ते मला माहीत नाही. पुढून दिसलं ते सांगतो.

फाटकाशी तुम्ही रिक्षातून उतरलात तेव्हा वेदूने माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या बुटांकडे बघितलं. मी तिच्या फ्रॉककडे. फ्रॉक उलटा. मला वाटलं घाईत झालं असेल. मग शिवणी बाहेर बघितल्या आणि डोक्यात उजेड पडला, की आतून टोचतात म्हणून तू मुद्दाम तसा घालतेस. मी पाण्याच्या टाकीमागे गेलो ते त्यासाठी. तिथे शर्ट काढला आणि उलटा करून घातला. तिकीट फाडणारे काका म्हणाले, "अहो दादा, शर्ट उलटा हाय."

"माहीत हाय."

"पोरीचा फ्रॉक बी उलटा हाय."

"घराण्याची पद्धत हाय, काका."

ते तुझ्याकडे बघायला लागले. तुझा ड्रेस सुलटा. तू तोंडाला ओढणी लावलीस ती हसू दाबायला, हे मी बघितलंय. नाही म्हणू नकोस.

सागाच्या झाडांखाली वाळकी पानं पडली होती, पापडासारखी. मला धास्ती होती की त्या आवाजाने पोर बिथरेल. पण ती त्यावरून चालत गेली. कर्रम, कर्रम. थांबली. मागे वळली आणि पुन्हा तिथूनच गेली. पंधरा पावलं जायचं, पंधरा पावलं यायचं. नऊ वेळा. मी पाठोपाठ. माझ्या पायाला मुंग्या आल्या नाहीत. तेव्हा मला समजलं की आवाज तिचा शत्रू नाही. न सांगता अंगावर येतो तो आवाज शत्रू. स्वतः काढलेला आवाज म्हणजे खाऊ. तुला हे आधीच माहीत असणार. मला नवीन होतं.

मग ते ऐनाचं झाड आलं. साल अशी भेगाळलेली, की मगर उभी केल्यासारखी. तिने गाल लावला आणि डोळे मिटले. मऊ टॉवेलने किंचाळणारी आपली पोर, त्या खरबरीत सालीला पाच मिनिटं चिकटून होती. मीही शेजारी गाल लावला. मला मुंगी चावली.

आणि तिथेच तिने पहिली खूण दिली. माझ्याकडे न बघताच एक बोट वर करून गोल फिरवलं. वर घे. काय वर घेऊ? खाली एक वाळकी काटकी होती. मी दोन्ही हात क्रेनसारखे पुढे काढले, तोंडाने आवाज काढणार होतो, तेवढ्यात अट आठवली. काटकी उचलली. तिने दुसरा हात खाली धरला. हळू. मी हळू. बोट खाली. मी काटकी दगडावर ठेवली. तिने मान हलवली आणि दुसऱ्या काटकीकडे गेली. अर्धा तास, ताई, अर्धा तास मी क्रेन होतो. एक काटकी तिने तीनदा ठेवायला लावली, कारण वाकडी बसली होती. वाळूदादाही इतकं छळत नाहीत. तू लांबून म्हणालीस, "जीवन, दमलास का रे?" मी उत्तर दिलं नाही. क्रेन दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही.

त्यानंतर त्या शाळेच्या दोन बस आल्या.

शिट्टी ऐकू आली तेव्हा ते वळणाच्या पलीकडे होते. मग एकदम दिसले. साठ-सत्तर पोरं, पुढे एक सर, सरांच्या तोंडात शिट्टी. वेदूने कान दाबले. गुडघे वाकायला लागले. तिच्या तोंडून बारीक आवाज सुरू झाला, शिट्टीच्या आधी कुकर करतो तसा. माझे हात आपोआप पुढे गेले. मनात हिशोब झाला, उचललं आणि पळालं तर फाटक एका मिनिटावर. माझे तळवे तिच्या बरगड्यांपासून चार बोटांवर होते. आणि तिने एका कानावरचा हात काढून मूठ वर केली.

तू मागून ओरडत होतीस, "उचल तिला जीवन! उचल!" स्वतःचीच अट, दोन रेघांची.

मी थांबलो. वाकलेला होतो, तसाच वाकून थांबलो. तुला वाटलं असेल मी घाबरलो. घाबरलोच होतो. पण मूठ वर होती ना.

मग दिसलं की मूठ एकट्या माझ्यासाठी नाही. ती त्या सगळ्यांना थांबवत होती, पण तिची मूठ लिंबाएवढी, कोण बघणार? म्हणून मी सरळ झालो, वळलो, आणि माझी मूठ वर केली. पुढचा पोरगा थबकला. त्यानेही मूठ वर केली, का ते त्यालाच ठाऊक. मग त्याच्या मागचीने. मग रांगच. सगळ्यांच्या मुठी वर आणि सगळे गप्प. सरांनी तोंडातली शिट्टी काढून हळूच विचारलं, "काय झालं? साप आहे का?" एक पोरगी कुजबुजली, "नाही सर, त्या काकांनी स्टॅच्यू केलंय."

सरही स्टॅच्यू झाले. चांगला माणूस.

तेव्हा वेदूचा चेहरा तुला दिसला नाही, मला दिसला. तिने पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. हुशारी नव्हती त्यात, आनंदही नव्हता. आपण बटण दाबलं आणि खरंच दिवा लागला, तसा चेहरा. सबंध जग थांबलं होतं आणि तिने थांबवलं होतं. मग तिने दुसरा कानही सोडला, एक हात पुढे केला आणि त्याखाली दुसरा धरला. हळू. मी तशीच खूण त्यांना केली. आणि ती सगळी पोरं चवड्यांवर, चोरांसारखी, आमच्या शेजारून गेली. शेवटी सर. चवड्यांवर.

त्यानंतर ते सातभाई पक्षी आले आणि झुडपात भांडायला लागले. वेदूने त्यांनाही मूठ दाखवली. ते कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. तिने पुन्हा दाखवली. ते आणखी भांडले. आणि ती हसली. ते मात्र तू ऐकलंस. धावत आलीस.

आता खरं लिहायचं ते लिहितो. इतका वेळ हसवत होतो ते त्यासाठीच, पाय मागे ओढत.

बाहेर टपरीवर चहा घेताना तू म्हणालीस, "बरं झालं उचललं नाहीस. तेव्हाही असाच थांबला असतास. पण तेव्हा तुला कळलं नव्हतं, त्याला तू तरी काय करणार." आणि तुझ्या बशीतला अर्धा चहा मला दिलास, लहानपणीसारखा. तो चहा मी तसाच बशीत धरून ठेवला. तुला वाटलं गरम आहे.

ताई, कळलं होतं.

जावळाच्या दिवशी तू चुलीकडे जाताना मला म्हणाली होतीस, "रडली तर थांबव रे." ती रडली नाही, हे खरं. पण न्हाव्याने मशीन सुरू केली तेव्हा तिने मूठ वळली आणि माझ्या मनगटावर आपटली. एकदा नाही, तीन वेळा. मला लागलं. मी हात ढिला केला होता, आणि खंडेराव काका सगळ्यांसमोर म्हणाले, "काय मामा, एवढीशी पोर आवरंना व्हय?" सगळे हसले. आणि मी पकड आवळली. मग ती एकदम सैल पडली, ओल्या फडक्यासारखी. सगळे म्हणाले, बघा, मामाच्या मांडीवर कशी गप बसली. मला टॉवेल-टोपी मिळाली. ती टोपी घालून मी फोटो काढला.

पुढचा महिनाभर ती जेवत नव्हती, झोपत नव्हती, आणि मी खोलीत आलो की भिंतीकडे तोंड करायची. तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं, "गप्प बसली होती, मला कळलंच नाही." आणि तू नंबर बंद करायच्या आधीच मी टेम्पोवर निघून गेलो होतो. पायाला मुंग्या येतात म्हणतो ना मी, त्यातल्या बऱ्याच त्या दिवसाच्या आहेत.

तेव्हा मला खुणा येत नव्हत्या असं म्हणता येईल. पण मूठ कळायला कच्छला यावं लागत नाही.

हे न लिहिता चाललं असतं. मला पुढच्या मंगळवारचंही बोलावणं मिळालं असतं. पण तू ज्याला माफ केलंस तो उद्यानातला जीवन आहे, मांडीवाला तुला माहीतच नव्हता. आता माहीत झाला. तू थांब म्हणालीस तर मी थांबेन. का म्हणून विचारणार नाही.

जीवन


नखत्राणाजवळ
रविवार, १३ एप्रिल २०२५

ताई,

दोन महिने तुझं काही आलं नाही. आमचं टपाल गावातल्या एका किराणा दुकानात येतं. मी इतक्या खेपा मारल्या की दुकानदार लांबूनच हात हलवून 'नाही' म्हणायचा. त्याला म्हटलं, ही खूण आमच्यात नाही.

काल त्याने बोट वर करून गोल फिरवलं. मीच शिकवलं होतं. मी धावत गेलो.

पाकिटावर तुझं अक्षर. आत एक अक्षर नाही. घडी घातलेला चित्रकलेचा कागद, त्यावर पेन्सिलने हात ठेवून काढलेली आकृती. वरचा हात वेदूचा, एक बोट वर. रेघ कुठेच थरथरली नाही, म्हणजे तिने तुला पेन्सिल फिरवू दिली, बोटांच्या बेचक्यांतूनही. नखाला नेलकटर लावू देत नव्हती ती! आणि त्या हाताखाली आडवा धरलेला दुसरा हात. हळू.

मला आधी वाटलं दोन्ही तिचेच. मग बघितलं तर खालचा मोठा. अंगठ्याच्या मुळाशी पेन्सिलने एक छोटा गोल रंगवलेला. तो चटका मला माहीत आहे, ताई. आई मळ्यात गेली होती, मला भूक लागली होती, आणि दहा वर्षांची तू तव्यावरून भाकरी काढत होतीस.

मी तो कागद घेऊन तासभर बसलो. वरचा हात 'वर घे' म्हणतो, म्हणजे 'ये' असावं, खालचा 'हळू'. माफ केलं की नाही ते काही कळेना. शेवटी वाळूदादांकडे गेलो, सगळं सांगितलं, मांडीसकट. त्यांनी कागद उन्हात धरून बघितला, विडी पेटवली, आणि मला वेड्यात काढल्यासारखं म्हणाले, "अरे भाऊ, हळू म्हणजे थांब नही शे. हळू म्हणजे काम चालू शे."

आज सत्ताविसाव्या टॉवरचं शेवटचं पातं चढवलं. खुणा पहिल्यांदा मी दिल्या. एक बोट वर, खाली दुसरा हात आडवा. चाळीस मिनिटं लागली, कुणी घाई केली नाही, आणि पातं असं बसलं, जसं वेदूची तिसऱ्यांदा ठेवलेली काटकी.

मी उद्यानातून आल्यापासून इथेही शर्ट उलटाच घालतो. सगळे हसतात. आज मात्र पातं चढवायचंच डोक्यात होतं म्हणून सकाळी घाईत सुलटा घातला, आणि दिवसभर बगलेत काहीतरी बोचत होतं. आत्ता काढून बघितलं.

शिवण टोचते गं, ताई. हे मात्र खरंच कळलं नव्हतं.

जीवन